डाग दिसला की रोलवर खापर? स्वस्त 120 फिल्मबद्दलच्या सल्ल्याचा प्रतिवाद

फिल्मवर फोटो काढणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे. त्याचा सारांश असा: फोमा, शांघाय, केंटमिअर असले स्वस्त ब्लॅक अँड व्हाइट 120 रोल (मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांत लागणारी, आकडे छापलेल्या कागदासोबत गुंडाळलेली रुंद फिल्म) घेऊ नका. त्यांचं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा प्रकाश टिपणारा थर, धुताना वाहून जातो, कागदावरचे आकडे फोटोत उमटतात, ठिपके, रेघा आणि प्रकाशाचे पट्टे कारखान्यातूनच येतात, डब्यावरचा स्पीड (फिल्म किती कमी प्रकाशात चालते तो आकडा) खोटा असतो. महाग रोल घ्या, सगळे प्रश्न मिटतील.

हे वाचून शिकणारी मुलं मिडियम फॉरमॅटचा नाद सोडतात, आणि ज्यांच्या कॅमेऱ्यातच दोष आहे ते महाग रोल त्याच कॅमेऱ्यात वाया घालवतात. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहायला हवा.

आधी ‘स्वस्त म्हणजे कचरा’ हे गृहीतक. केंटमिअर बनवते इंग्लंडची हार्मन टेक्नॉलॉजी. इलफर्डच्या फिल्म बनवणारीही हीच कंपनी. फोमा चेक देशातल्या ह्रादेत्स क्रालोवे इथे 1921 पासून आहे.

इमल्शन वाहून जातं, हा दावा कशावरून आला ते उघड आहे. फोमाच्या फोमापान फिल्मचा 120 रोल भिजवून पाणी ओतलं की ते गडद हिरवट-निळं निघतं. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. पण तो फिल्मला मुद्दाम दिलेला रंग असतो. आरपार गेलेला प्रकाश मागून परतून पुन्हा इमल्शनवर पडू नये म्हणून तो दिलेला असतो, आणि तो निघूनच जायला हवा. इमल्शन खरोखर सुटतं तेव्हा कडेला सुरकुत्या येतात, पापुद्रा उचलला जातो. त्याचं कारण बहुधा आपल्या नळात सापडतं. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) 20 अंशांवर आणि मे महिन्यात धुण्याचं पाणी 32 वर, असं झालं की जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, नखाचा स्पर्शही उमटतो. फोमाचं इमल्शन मऊ आहे हे खरं, म्हणून तिथे जास्त जपायचं. बर्फाची पिशवी बाटलीच्या बाहेर ठेवून डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला आणा.

आकडे उमटण्याचा मुद्दा सगळ्यात गुंतागुंतीचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. 120 रोल गुंडाळलेला असताना एका वेढ्यातलं इमल्शन आतल्या वेढ्याच्या कागदाच्या छापील बाजूला टेकलेलं असतं. उष्णता आणि दमट हवा मिळाली की शाईचा ठसा इमल्शनवर बसतो आणि मोकळ्या आकाशात आकडे, ठिपके दिसू लागतात. शांघाय जीपी3 च्या काही रोलबद्दल ही तक्रार अनेकांनी केली आहे. पण 2016 च्या सुमारास हाच दोष कोडॅकच्या टी-मॅक्स आणि ट्राय-एक्सच्या 120 रोलमध्येही निघाला होता आणि कंपनीने तो मान्य केला होता. महाग डबा इथे कवच ठरला नाही. पावसाळ्यात रोल पाकिटात बंद ठेवा, फ्रीजमधून काढल्यावर काही तास तसाच राहू द्या आणि मगच पाकीट फोडा. कॅमेऱ्यात भरलेला रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नका.

मात्र दिसलेला प्रत्येक आकडा शाईचा नसतो. एका विद्यार्थिनीने जुन्या आग्फा क्लिक 3 मधला रोल दाखवला. तिची खात्री होती की कागद खराब आहे. लाइट टेबलवर निगेटिव्ह ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये त्याच ठिकाणी एक गोल काळसर डाग, आणि त्यात आकड्याची फिकट छाया. कागदावर 6×4.5, 6×6 आणि 6×9 साठी आकड्यांच्या तीन रांगा असतात. शाईचा ठसा असता तर इतर रांगांचेही आकडे कुठे ना कुठे दिसले असते. इथे फक्त कॅमेऱ्यामागच्या लाल खिडकीसमोर येणारा आकडा होता; फ्रेमचा आकडा तिच्यातूनच वाचतात. ही खिडकी लाल प्रकाश न ओळखणाऱ्या फिल्मच्या काळातली. आजच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग ओळखणाऱ्या, फिल्मवर लाल प्रकाशही उमटतो. खिडकीवर काळी टेप लावा, रोल सावलीत पुढे सरकवताना तेवढीच उचला.

प्रकाशाचे पट्टे ओळखायला फ्रेमबाहेरची कड पाहा. निगेटिव्हवरचा काळेपणा फ्रेमच्या चौकटीतच थांबत असेल तर बेलोज (लेन्समागचा घड्यांचा भाता) किंवा लेन्सच्या बाजूने प्रकाश येतो आहे. तो कडेपर्यंत पसरला असेल तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण तपासा, किंवा रोल ढिला गुंडाळला गेला होता का ते आठवा.

ठिपक्यांचं तेच. प्रिंटवर पांढरा ठिपका म्हणजे बहुतेकदा स्कॅन करताना बसलेली धूळ. काळा ठिपका असेल तर निगेटिव्हवर तिथे काही उमटलंच नाही: एक्स्पोजरच्या वेळी धूळ होती, किंवा डेव्हलपरचा बुडबुडा चिकटला होता. बुडबुड्याचा डाग गोल आणि गुळगुळीत कडेचा असतो. टँक ओट्यावर दोनदा आपटला की तो टळतो. सोडियम कार्बोनेटच्या डेव्हलपरनंतर कडक स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं आम्लाचं द्रावण) वापरला तर वायू सुटून सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडू शकतात; तिथे साधं पाणी वापरा. चंद्रकोरीसारख्या खुणा टँकमधल्या रीलवर फिल्म चढवताना ती मुडपल्याने येतात. रोलभर सरळ धावणारी रेघ कॅमेऱ्याच्या रोलरची, नाहीतर पाणी निपटताना बोटांत अडकलेल्या कणाची. दुधाळ धूसरपणा असेल तर फिक्सिंग अपुरं झालं आहे. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवा, बिघडत काही नाही.

स्पीड खोटा, हे मी अर्धं मान्य करेन. फोमापान 400 अनेक जण 200 वर वापरतात आणि सावल्यांत तपशील हवा असेल तर तेच बरं. पण निगेटिव्ह फिकट आलं तर आधी काठावरची छापील अक्षरं पाहा. ती ठळक आणि फ्रेम फिकट असेल तर एक्स्पोजर कमी पडलं. दोन्ही फिकट असतील तर डेव्हलपिंग. लांब एक्स्पोजरला फोमापान 100 मात्र खरोखर अवघड आहे. लाइट मीटर 10 सेकंद म्हणाला तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे 80 सेकंद द्यावे लागतात. तक्ता न पाहता रात्री फोटो काढणाऱ्याला हा दोष वाटेल.

खरे दोषही आहेत. फोमापान 200 च्या 120 रोलवर बारीक, तुटक रेघा आल्याच्या तक्रारी आहेत, आणि त्या धुण्याने येत नाहीत. अशी शंका आली तर त्याच बॅचचा दुसरा रोल दुसऱ्या कॅमेऱ्यात भरा, एकसारख्या उजेडातल्या कोऱ्या भिंतीचे फोटो घ्या आणि ताज्या रसायनात धुवा. तोच दोष पुन्हा दिसला तर लाइट टेबलवरच्या निगेटिव्हचा कडेसकट फोटो आणि डब्यावरचा बॅच क्रमांक विक्रेत्याला पाठवा आणि रोल बदलून मागा.