तोंडाला फेस

मिशिगनमध्ये ऑक्टोबरात सफरचंदाच्या बागांतून ताजा रस गॅलनच्या हिशोबाने मिळतो. तो आणायचा, त्यात यीस्ट टाकायचं आणि तळघरात विसरून जायचं. सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, आपोआप होतं. मीड, म्हणजे मधाची दारू, तर आणखी सोशिक, महिनोन्‌महिने कुणी विचारलं नाही तरी रुसत नाही. मग 19 लिटरच्या स्टीलच्या केगमध्ये, म्हणजे बंद पिंपात, ओतून कार्बन डायऑक्साइड गॅस जोडला, की आठवड्याभरात बुडबुडे तयार. इथवर कुणीही करेल. रडकथा सुरू होते ती ‘दिवाळीच्या पार्टीला चार बाटल्या आण रे’ या निरोपाने.

केगमध्ये 12 पीएसआय दाबाखाली निमूट बसलेला गॅस बाटलीचं तोंड दिसलं रे दिसलं की उधळतो. अर्धी बाटली फेस, उरलेलं माझ्या शर्टावर. उपाय एकच: सगळं गारेगार ठेवा, गार पेयात गॅस टिकतो. म्हणजे बाटल्याही फ्रीझरमध्ये हव्यात. आणि आमच्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, मटार आणि सासूबाईंनी परत जाताना करून ठेवलेल्या पुरणपोळ्या.

“बाटल्यांसाठी पोळ्या बाहेर काढणार आहेस?” बायकोने विचारलं. आवाज फारच शांत होता. बाटल्या रात्रभर गॅरेजमध्ये राहिल्या. इथली थंडी निदान फुकट आहे.

पुढची कसरत अशी. दाब तीन-चार पीएसआयवर उतरवायचा. बाटली आतून ओली हवी, कोरड्या काचेवर बुडबुडे जास्त माजतात. नळी पार बुडाला टेकवायची, सावकाश भरायचं, आणि फेस काठाशी आला की त्या फेसावरच झाकण ठोकायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. एक हात नळीला, एक बाटलीला. तिसरा हात म्हणून साताऱ्याहून आलेल्या बाबांना खाली बोलावलं.

“आमच्या स्टँडवरचा गोटीसोडावाला हे दिवसभर करायचा,” बाबा म्हणाले. “एकटा. वर गिऱ्हाइकाशी गप्पा.”

मी म्हटलं, ती बाटली कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 साली काढली, तिच्यात गॅसच गोटीला आतून वर दाबून धरतो, झाकण लागतच नाही.

“मग तू कशाला ठोकत बसलायस?”

उत्साहाने त्यांनी वाइनची रिकामी बाटली पुढे केली. ती या दाबाला फुटते, शॅम्पेनची जाड बाटली चालते, असं सांगितल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली. “मनीप्लँटला होईल.”

सायडर कसंबसं संपलं. मीडची नळी निसटली आणि तळघरभर चिकचिक. चपला पावलागणिक चटक-चटक वाजू लागल्या. शेवटी बाबांना घोटभर चाखायला दिली.

“एवढा महागाचा मध घातलास. गोड कुठाय?”

“यीस्टने खाल्ला.”

बाबांनी ओळीने मांडलेल्या बाटल्यांकडे पाहिलं.

“मग हे भरतोयस काय?”