मिठाचा खडा

आमच्या ताळगावच्या घरापासून मिरामारचा किनारा तीन किलोमीटरवर. स्कूटरने दहा मिनिटं, आणि रविवार असेल तर पार्किंग शोधायला आणखी पंधरा. म्हणजे अख्खा अरबी समुद्र माझ्यापासून फार तर पंचवीस मिनिटांवर आहे. आणि मी गेली दोन वर्षं परदेशी मिठाची बादली विकत आणून, ते मीठ पाण्यात कालवून, हॉलमध्ये समुद्र तयार करतो आहे. हे एकदा तोंडाने कबूल करून टाकलं की बाकीचं सांगायला सोपं जातं.

समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायची ही टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. भरली की १९० लिटर. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे नुसत्या मुहूर्तालाच साडेसहा किलोंहून जास्त. पुढे दर रविवारी वीस लिटर पाणी काढायचं आणि वीस लिटर नवं घालायचं. त्यात सातशे ग्रॅम. हा हिशेब मी बायकोपासून लपवला असता, पण ती बँकेत आहे.

पहिला आक्षेप तिचा नव्हेच, आईचा. आमचं मूळ घर पेडण्याला. तिथून जवळच आगरवाड्याची मिठागरं, त्यामुळे आईला मिठाच्या बाबतीत कुणी शिकवलेलं चालत नाही. दर मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या, सामानात तिची जाड्या मिठाची बरणी येते. "आपलं मीठ काय समुद्राचं नाही?" तिने विचारलं. मी समजावू लागलो, की मिठागरात पाणी आटताना आधी चुन्याचे क्षार तळाला बसतात, मग खायचं मीठ धरतं, मॅग्नेशियम उरलेल्या पाण्यातच राहतं आणि ते पाणी सोडून देतात. प्रवाळाला तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच हवं असतं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी त्याच मिठात नुस्तें खारवते. एकाही माशाने तक्रार केली नाही."

मिरामारचं पाणी आणूनही पाहिलं. जुलैतला दिवस, दोन कॅन, आणि गुडघाभर पाण्यात वाकलेला मी. जीवरक्षकाने दोनदा शिट्टी मारली. मी बुडत नसून पाणी चोरतो आहे हे त्याला पटायला वेळ लागला. घरी आणून रिफ्रॅक्टोमीटरखाली, म्हणजे डोळ्याला लावून खारटपणा मोजायच्या यंत्राखाली, थेंब धरला तर रेघ ३५च्या निम्म्यावरही चढेना. मिरामार पडलं मांडवीच्या मुखाशी. पावसाळ्यात तिथे समुद्र कमी आणि डोंगरातली तांबडी माती जास्त. ते पाणी आईने माडाच्या मुळाशी ओतलं. माडाने मात्र कुरकुर केली नाही.

मग नळाचं पाणी आरओतून गाळून घ्यायचं ठरलं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-एक लिटर वाहून जातं, त्यामुळे घरातल्या बादल्या, कळश्या आणि एक तांब्याचा हंडा कायम भरलेले. फरशी एवढी स्वच्छ आमच्याकडे पूर्वी कधीच नव्हती.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. पाणी, मीठ, दगड सगळं जागेवर असलं तरी त्यात मासा सोडता येत नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो त्याला विष. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि ही सगळी वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर त्या जिवाणूंना खायला घालायला हवं. सोपा उपाय म्हणजे एक कच्ची कोळंबी पाण्यात टाकून ती कुजू द्यायची.

मी टाकी मांडली ती जूनमध्ये. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. मार्केटात सुंगटांकडे, म्हणजे कोळंबीकडे, लोक देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं लांबून बघत होते. मी पाव किलो घेतली. घरात उत्साहाचं वातावरण पसरलं, आईने नारळ खवायला घेतला. आणि मी त्यातली चार सगळ्यात मोठी उचलून टाकीत सोडली.

"धुतोयस का?" आईने विचारलं.

"नाही. कुजवतोय."

त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात, माझ्या वाट्याला फक्त रस आला. तिसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये वास सुटला आणि मग बोलणं पुन्हा सुरू झालं, पण ते न झालेलं बरं होतं.

सहा आठवड्यांनी मासे आणायला मी मुंबईला गेलो. मांडवी एक्स्प्रेसमध्ये थर्माकोलचे खोके नवे नाहीत. लेकीसाठी इसवण, भावासाठी पापलेट, बर्फात घालून गोव्याहून मुंबईला जात असतात. पण मुंबईहून गोव्याला मासे घेऊन येणारा त्या डब्यात मी एकटाच. समोरच्या काकूंनी झाकण उचलून पाहिलं. बोटाएवढे दोन नारिंगी मासे, एक तांबडी-पांढरी कोळंबी, आणि वेगळ्या पिशवीत प्रवाळाचे बटणाएवढे तुकडे. त्यांनी झाकण परत ठेवलं आणि कुडाळ येईपर्यंत माझ्याकडे कुणाच्या तरी आजारी माणसाकडे बघावं तसं बघत राहिल्या.

प्रवाळाचंही एक आहे. आपल्याकडे दगडासारखं घट्ट वाढणारं प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ते घरात ठेवायचा प्रश्नच नाही. म्हणून मी मऊ जातीचं आणलं, मशरूम आणि झोआ. आणल्यावर कळलं की काही झोआंच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, हातमोज्यांशिवाय त्यांना हात लावू नये. हे मी बायकोला सांगितलं नाही. तिने स्वतः वाचलं. "अहो, हॉलमध्ये विष ठेवायला मुलं-बाळं नसलेलं घर शोधायचं होतंत," ती म्हणाली. आता हातमोजे कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात असतात आणि मला दर रविवारी स्टूल लागतं.

प्रवाळाला २५-२६ अंश तापमान लागतं. मे महिन्यातल्या गोव्याला हे कोण सांगणार? म्हणून चिलर आला. चिलर पाणी गार करतो आणि त्यातली सगळी उष्णता हॉलमध्ये सोडतो. म्हणजे मासे लोणावळ्यात आणि आम्ही त्यांच्या बिलावर भट्टीत. दिवे निळे. रात्री आमची खिडकी रस्त्यावरून अशी दिसते की एकदा भाड्याच्या स्कूटरवरच्या दोन पर्यटकांनी बेल वाजवून थंड बिअर आहे का विचारलं. आई म्हणाली, ताक आहे. ते बसून प्यायले आणि टाकीबरोबर फोटोही काढून गेले.

त्या दोन नारिंगी माशांची, म्हणजे क्लाउनफिशची, नावं मुलाने सदू आणि दादू ठेवली. या जातीत सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला जो थोराड आणि दांडगा निघेल तो पुढे मादी होतो. वर्षभरात सदू दुप्पट झाला, दादूला खडकाच्या मागे कोंडून मारू लागला, आणि एका सकाळी त्यांनी अंडी घातली. आता ती सदूबाय. मुलाने शाळेत हे 'माझे कुटुंब' या निबंधात लिहिलं आणि बाईंनी मला बोलावून घेतलं.

कोळंबीने तर मला रडवलंच. एका पहाटे ती तळाला आडवी, पारदर्शक, मिशांसकट निश्चल. मी बायकोला उठवलं. ती डोळे चोळत आली, तिनेही क्षणभर मान खाली घातली. आईने तेवढं विचारलं, की ताजी आहे ना. मी चिमट्याने देह उचलतो तर तो कागदासारखा हलका, आणि खडकामागून बाई कपडे बदलल्यासारख्या सावकाश बाहेर आल्या. कात टाकली होती. तेव्हापासून त्या महिन्या-दीड महिन्याने मरतात आणि आम्ही चहा सोडत नाही.

येणारा प्रत्येक माणूस मासे खायला चालतात का विचारतो. याचा मी राग मानत नाही. गोव्यात हा प्रश्न नसून नमस्कार आहे. शेजारचे तारवटी अंकल मात्र रोज नव्याने विचारतात. चाळीस वर्षं त्यांनी तारवांवर काढली, रॉटरडॅमपासून सिंगापूरपर्यंत सगळी बंदरं पाहिली. "बाब, हें नुस्तें खावपाक जाता?" नाही म्हटलं की टाकीकडे बघत मान हलवतात आणि म्हणतात, एवढ्या वर्षांत समुद्राने माझ्याकडे एवढे पैसे मागितले नाहीत. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना माझ्या शंका विचाराव्यात असाही त्यांचा आग्रह. अख्खा हिंदी महासागर ज्यांच्या अंगावर आहे त्यांच्यापुढे मी आंघोळीच्या टबाएवढी तक्रार घेऊन कसा जाऊ?

तर चवथ आली. पाच दिवस पेडण्याला जायचं. गणपतीला नाही म्हणता येत नाही आणि टाकीला रजा देता येत नाही. किल्ली अंकलना दिली. अन्नाच्या पाच पुड्या बांधून ठेवल्या, रोज एक. टाकीच्या काचेवर पट्टी चिकटवली: पाणी या रेघेखाली गेलं की आरओचं गोडं पाणी घालायचं. समुद्र आटतो तेव्हा वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहतं, म्हणून भरायचं ते गोडंच. हे त्यांना तीनदा सांगितलं. महागाच्या मिठाच्या बादलीला बोट लावायचं नाही, हे चारदा.

दुसऱ्या रात्री वादळात माडाचं चुडत वीजतारांवर पडलं आणि ताळगावात अंधार झाला. अंकलनी फोन केला. बॅटरीवरचा हवेचा पंप कुठे आहे ते मी सांगितलं, तो सापडला, चालला. भर पावसात लाइनमन आला आणि पहाटेपर्यंत वीज आली. मी गणपतीपुढे एक नारळ जास्त ठेवला. संकट येऊन गेलं असं मला वाटलं.

सहाव्या दिवशी परतलो. झोआ सगळे मिटलेले. मशरूम सुकवलेल्या सोलांसारखे आकसलेले. मासे ठीक, सदूबायचा दादूवरचा राग कायम. रिफ्रॅक्टोमीटर काढला तर ३५च्या जागी ३८. मी अंकलकडे पाहिलं.

"गोडें उदक घातलें मरे तुवें सांगिल्लें तशें," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पूण खाऱ्या उदकाचें नुस्तें तें. म्हाका काकुळट दिसली."

रोज दोन मुठी. महागाच्या बादलीला बोटही लावलं नव्हतं, दिलेल्या शब्दाला माणूस पक्का. मीठ घेतलं होतं ते स्वयंपाकघरातल्या आईच्या बरणीतून.

१९० लिटरमध्ये दहा मुठी म्हणजे अर्धा किलोच्या वर. हिशेब बरोबर जुळत होता, याचंही मला त्या क्षणी वाईट वाटलं. खारटपणा एकदम उतरवला तर उरलंसुरलंही दगावतं, म्हणून चार दिवस रोज थोडं पाणी काढायचं, थोडं गोडं घालायचं, असं चाललं. पाचव्या दिवशी एक झोआ उघडला. मग त्याच्या शेजारचा. अंकल रोज संध्याकाळी येऊन स्टुलावर बसत, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे, आणि चालतं का हे मात्र विचारत नसत. मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आई रिकामी झालेली बरणी उन्हात वाळत घालून टाकीपुढे येऊन उभी राहिली. बराच वेळ मासे मोजले. दोनच होते, तरी दोनदा मोजले.

"आगरवाड्याच्या मिठाने एक तरी मेलं?"

मी मॅग्नेशियमबद्दल काहीतरी म्हणालो.

"मेलं का, तेवढं सांग."

नव्हतं मेलं.

त्यानंतर टाकीवर तिचा हक्क तयार झाला. सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी, तेव्हा त्या दिवशी सदूबाय आणि दादूलाही कोळंबीचं गोठवलेलं अन्न बंद. समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद भिजवून देते. ते तोंडात घेऊन थुंकतात. "सवय होईल," ती म्हणते. मला लहानपणी कारल्याच्या बाबतीत हेच सांगितलं होतं.

परवा एप्रिलमध्ये तिने तोरं चेपायला घेतली. चिनी मातीच्या भरणीत कोवळ्या कैऱ्या, वर मिठाचं पाणी, त्यावर दगड. मला हाक मारून म्हणाली, "तुझी ती दुर्बीण आण." मी रिफ्रॅक्टोमीटर पुसून दिला. तिने काचेवर भरणीतलं पाणी थेंबभर टाकलं, झाकण लावलं, खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटला. या यंत्राची पट्टी १००पर्यंतच जाते.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"रेघबीघ काही नाही. निळं गेलं. सगळं पांढरं."

"म्हणजे पट्टीच्या बाहेर गेलं. मोजता येत नाही."

"मग बरोबर पडलंय," आई म्हणाली, आणि माझं यंत्र पदराला पुसून भरणीवर दगड ठेवला.