त्या बाकावर जागा होती

आज चर्चमधून, सातच्या मिस्साहून म्हणजे उपासनेहून आलो तो अजून शर्टही बदललेला नाही. आधी हे लिहितो.

पुढून चौथ्या बाकावर एक मुलगी बसली होती. बावीस-तेवीसची असेल, एकटीच. उपासनेला पाच मिनिटं होती. आमचा एक स्वयंसेवक तिच्याजवळ गेला आणि, "ये बेंच फॅमिली का है, पीछे जाओ" म्हणाला. कुणाच्या तरी पुण्यतिथीची, वर्षाची मिस्सा होती. ती उठली. मागे जाईल असं वाटलं, पण सरळ दारातून बाहेर पडली. मी मागोमाग गेलो तेव्हा ती गेटपाशी होती. "कोई बात नहीं अंकल, मैं ही लेट आयी थी." ती लेट आली नव्हती. माझ्याही आधी आली होती. कुठली, विचारलं तर म्हणाली, झारखंडातलं सिमडेगा. आणि गेली.

मी आत आलो. त्या बाकावर शेवटपर्यंत दोन जागा रिकाम्या होत्या. तिथे पर्स ठेवल्या होत्या. "एकमेकांना शांती द्या" म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी वळून वळून हात जोडले.

मला 1999 सालचं कुवेत आठवलं. नोकरीला जाऊन चारच दिवस झाले होते. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी होली फॅमिली कॅथेड्रलला गेलो. वेळ चुकली आणि नेमका मल्याळम मिस्सात शिरलो. मागे भिंतीला टेकून उभा होतो. एका चेचीने (मल्याळममध्ये ताईला चेची म्हणतात) मला पाहिलं, स्वतः सरकली, मुलाला मांडीवर घेतलं आणि बाकावर हात थोपटून मला बसवलं. गीतांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तिलाही ते कळलं असणार. तरी गाणं संपेपर्यंत ती ओळींवरून बोट फिरवत राहिली. बाहेर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "खाना खाया?"

पुढे अकरा वर्षं मी त्या चर्चचा होतो. प्रवचनं कुणाची, कशी झाली, काही आठवत नाही. ते बोट आठवतं.

आणि आपण? आपण वसईकर! संत गोन्सालो गार्सियाचे गाववाले म्हणून छाती फुगवतो. तो कोण होता? जपानला गेलेला, परक्यांची भाषा शिकलेला, 1597 साली नागासाकीला त्यांच्यातच क्रुसावर मेलेला. 1862 साली संत झाला. त्याच्या सणाला आपण रोषणाई करतो, आणि झारखंडहून आलेल्या मुलीला बाकावरून उठवतो. सिमडेगा-गुमलाकडचे कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक आहेत हो, आपल्यासारखेच. आपल्या इमारतींत भांडी घासतात, आपल्या म्हाताऱ्यांचं करतात. रविवारी तेवढे आपल्याला दिसत नाहीत.

मान्य, स्वयंसेवक पहाटेपासून राबतात आणि कुटुंबाने जागा सांगून ठेवली होती. फादरही एकटे कुठे कुठे पुरणार? पण पर्सला जागा होती ना!

पोप फ्रान्सिस ऑगस्ट 2023 मध्ये लिस्बनला तरुणांना म्हणाले होते, चर्चमध्ये सर्वांना जागा आहे, आणि "तोदोस, तोदोस, तोदोस" (सगळे, सगळे, सगळे) असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. आपण तो व्हिडिओ धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांच्या ग्रुपवर फिरवला. अंगठे टाकले. त्याच ग्रुपवर आता मी हे टाकलं तर "फादरांशी खाजगीत बोला" असं उत्तर येईल. बोलणार आहेच. पण हे फादरांचं काम नाही. वाडीत मांडव उभा राहिला की आपल्याला कुणी सांगावं लागतं का? कुणी भांडी आणतं, कुणी कांदे कापायला बसतं, अनोळखी पाहुणा दिसला तर त्याला ताटावर बसवल्याशिवाय कुणी सोडत नाही. तीच माणसं चर्चच्या दारातून आत गेली की एवढी ताठ का होतात?

राग राग लिहायला बसलो होतो. आता जरा निवलोय, कारण एक गोष्ट टोचते आहे. तो स्वयंसेवक तिच्याशी बोलत होता तेव्हा मी तीनच बाकं मागे होतो. माझ्या शेजारी जागा होती. "इधर आओ बेटा" एवढं म्हणायला मला काय झालं होतं? चेचीला कुणी विचारायला लागलं नव्हतं. तिने मूल मांडीवर घेतलं होतं. माझ्या मांडीवर तर काहीच नव्हतं.

गेटवर गाव विचारलं, नाव विचारलं नाही.

पुढच्या रविवारी पावणेसातला मी आणि बायको दारापाशी उभे असू. आणखी दोघं-तिघं आलात तर बरं. आणि तुमच्या सोसायटीत सिमडेग्याची, अंगावर निळी ओढणी असलेली मुलगी कामाला येत असेल, तर कृपा करून मला इनबॉक्स करा. तिने दुसरं चर्च शोधायच्या आत मला तिला भेटायचं आहे.