वर्गणीच्या पैशांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

'लेखकमहाशय, आधी अभ्यास करा, मग लेखणी उचला' ही सुरुवात नसती तरी तुमचा मुद्दा पोचला असता. अमेरिकेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनवरच्या माझ्या लेखात जेनस निकालाचं (सरकारी कर्मचाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या फीबद्दलचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) साल 2017 पडलं होतं, ते 2018 हवं. चूक माझी, दुरुस्त केली. आता युनियनबद्दल तुम्ही एवढ्या जोरात लिहिलेलं वाक्य घेऊ: 'पगारातून सक्तीने वर्गणी कापायची आणि सरळ उमेदवाराच्या घशात घालायची.'

'सरळ' नाही हो. काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) किंवा अध्यक्षपदाच्या उमेदवाराला युनियनच्या तिजोरीतून एक डॉलरही देता येत नाही. 1947 च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यापासून ही बंदी आहे. उमेदवाराला मिळतो तो पॅकचा, म्हणजे राजकीय निधीचा पैसा. त्याचं खातं वेगळं, आणि सदस्याने तो राजीखुशीने दिलेला असावा लागतो. एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी कमाल 5,000 डॉलर. प्राथमिक आणि मुख्य निवडणूक वेगळी धरतात. हां, पॅकचा कारकुनी खर्च वर्गणीतून भागवता येतो, आणि 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर उमेदवाराशी संगनमत न करता केलेला प्रचारही. शिवाय राज्यांच्या निवडणुकांचे नियम राज्यागणिक बदलतात. एवढं तुमच्या बाजूने धरा. पण मग तसं लिहायचं होतं, 'घशात' कशाला?

आता 'सक्तीने'. आक्षेप घेणाऱ्या बिगरसदस्याकडून, म्हणजे युनियनमध्ये नसलेल्या कर्मचाऱ्याकडून, राजकारणासाठी पैसे घ्यायला सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या अबूड निकालानेच मनाई केली होती. घ्यायची ती वाटाघाटी, तक्रारी आणि कराराची अंमलबजावणी यांच्या खर्चापुरती फी. 1986 च्या हडसन निकालानंतर तो हिशेबही दाखवावा लागे: खर्च ऑडिटरकडून तपासून घ्यायचा, फीत धरता येणारा आणि न येणारा असा वेगळा करायचा, नोटीस पाठवायची. इलिनॉय राज्याचा कर्मचारी असलेल्या बिगरसदस्य मार्क जेनसच्या बाबतीत फी निघाली महिन्याला 44.58 डॉलर, पूर्ण वर्गणीच्या 78.06 टक्के. गोची अशी की युनियनच्या नोटिशीत फीत धरलेल्या खर्चात लॉबिंगही (कायदे करणाऱ्यांचं मन वळवणं) होतं. जेनसच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी अबूड मोडीत काढला. आता बिगरसदस्याच्या स्पष्ट संमतीशिवाय छदामही कापता येत नाही, मात्र वाटाघाटीत त्याचंही प्रतिनिधित्व युनियनलाच करावं लागतं. असे करार आणि नोटिसा मी वीस वर्षं वाचतोय. तुम्ही बहुधा एक व्हिडिओ बघून आलात.

युनियनवाले 'स्वतःच निवडून आणलेल्या साहेबासमोर बसून पगार ठरवतात' हे तुमचं म्हणणंही सरसकट खरं नाही. टपाल खातं सोडलं तर बहुतेक केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पगार वाटाघाटीत येतच नाही. विस्कॉन्सिन राज्याच्या 2011 च्या कायद्याने पोलीस आणि अग्निशमन सोडून बहुतेकांच्या वाटाघाटी मूळ पगारापुरत्या, त्याही महागाईदराच्या मर्यादेत आणल्या. शहर पातळीवर तुमचा आक्षेप जास्त लागू पडतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. पेन्शन आणि शिक्षकांच्या 'लायकी'वर जे लिहिलंत त्यात उत्तर देण्याजोगं मला काही सापडलं नाही.

प्रतिक्रिया उडवलेली नाही. फक्त शेवटची ओळ झाकली आहे; ती युनियनबद्दल नव्हती, माझ्या घराण्याबद्दल होती.