गतिशीलतेच्या आकड्यापलीकडेही बघा

लवचिक ट्रान्झिस्टरसाठीच्या सेंद्रिय अर्धवाहकांवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण ‘प्रभारांची गतिशीलता (म्हणजे विद्युतप्रभार पदार्थातून किती सहज सरकतात ते) वाढवली की काम फत्ते’ हा त्यातला सूर पटला नाही. रेणू घडवताना ओढाताण असते ती वेगळीच. पेंटासीन हा सेंद्रिय अर्धवाहकच घ्या. बेंझीनची पाच कडी एका ओळीत जोडलेला हा रेणू घट्ट रचला जातो, म्हणून प्रभार शेजारच्या रेणूवर सहज जातो. पण साध्या द्रावकात तो जवळपास विरघळतच नाही, मग प्लॅस्टिकवर शाईसारखा छापणार कसा? शिवाय उजेडात आणि हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होतं. त्यावर उपाय म्हणून मधल्या कड्याला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेले फुगीर गट जोडले, तो टिप्स-पेंटासीन. हा छान विरघळतो, जास्त टिकतो आणि त्याचे रेणू भिंतीतल्या विटांसारखे सरकून बसतात. एका छोट्या बदलात तीन कामं! एम.एस्सी.च्या पोरांना मी फळ्यावर हे काढून दाखवते तेव्हा सेंद्रिय रसायनशास्त्र कशाला शिकायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि उष्णतेचं काय? आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. रेणूला लांब अल्किल साखळ्या (कार्बन-हायड्रोजनच्या लवचिक शेपट्या) लावल्या की विद्राव्यता वाढते, पण तापल्यावर त्याच साखळ्या सैल होऊन थराची रचना बिघडू शकते. लेखकांनी पुढच्या भागात यावर आणि धातूचा अग्र आणि सेंद्रिय थर यांच्या जोडावरच्या विद्युतरोधावर जरूर लिहावं. त्या रोधामुळे गतिशीलतेचे आकडे कित्येकदा फुगलेले निघतात.