टॉकबॅक असताना रेडिओ कशाला?

तुमची कमेंट दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं की प्रत्येक ॲन्ड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) फुकट मिळत असताना मी माझ्या लेखात नजर नसलेल्या लोकांना नॉबवाला रेडिओ आणि पेनड्राइव्हचा डबा (पेनड्राइव्ह लावून ऐकायचा स्पीकर) घ्यायला सांगतोय, म्हणजे आंधळ्या माणसांना टेक्नॉलॉजी झेपत नाही असं धरून चाललोय, डेझी प्लेयर (न बघणाऱ्यांसाठीची बोलकी पुस्तकं वाजवणारं यंत्र) एका ओळीत उरकलाय, आणि वर 'आंधळा' हा शब्द.

शब्दाचं आधी. तो आमच्या अण्णांचा आहे, काचबिंदूनं नजर गेल्यापासून ते स्वतःला तेच म्हणतात, आणि कुणी 'दृष्टिबाधित' म्हटलं की "एवढं बोलून होईस्तोवर माणूस गटारात जाईल" असं ऐकवतात. पण त्यांनी म्हणणं वेगळं आणि मी लेखात लिहिणं वेगळं, हे मान्य. सॉरी.

आता झेपण्याचं. तुम्ही लिहिलंय की तुमचा बँकेतला, नजर नसलेला मित्र टॉकबॅकवर आपल्यापेक्षा फास्ट आहे, असणारच, कॉलेजपासून वापरतोय. अण्णांची नजर गेली सत्तरीनंतर आणि शुगरमुळे बोटांची टोकं बधिर. टॉकबॅकमध्ये बोट सरकवत हवं ते शोधायचं आणि मग दोनदा टॅप करायचं, ते दोन टॅप पटापट पडले तरच काम होतं. अण्णांचा दुसरा टॅप रेंगाळतो, फोन परत तेच नाव वाचतो आणि अण्णा त्याची आई-बहीण काढतात. दोन महिने शिकवलं, फोन घ्यायला-ठेवायला जमतं आता. पण सकाळी न्यूजऑनएअर (आकाशवाणीचं ॲप) उघडा, पुणे केंद्र शोधा, तेवढ्यात कुणाचा तरी कॉल येतो, तो होईपर्यंत बातम्या संपलेल्या.

आणि खरं सांगू का, मीही आधी तुमच्याच पार्टीत होतो. हौसेनं एक चकाचक स्पीकर आणला होता, वरती टच बटणं, एकदम गुळगुळीत. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर अण्णा अंधारात गप्प बसलेले. हात फिरवताना कुठेतरी बोट लागलं, डब्यातली बाई "ब्लूटूथ मोड" म्हणाली आणि आवाज बंद. अण्णांना वाटलं आपण बिघडवला. तासभर तसेच बसले होते, आईलाही हाक मारली नाही.

तेव्हापासून मी दुकानात एकच गोष्ट बघतो, आपण आत्ता कुठे आहोत हे वस्तू हाताला सांगते का. ऑन-ऑफचा नॉब 'कट्' करून बंद होतो, तिथे शंका उरत नाही. बँडचं सरकतं बटण वर असलं तर एफएम, खाली असलं तर मीडियम वेव्ह, रेडिओ चालू न करताही कळतं. याउलट एकच 'मोड' बटण असलं की एफएम, यूएसबी, ब्लूटूथ, परत एफएम असं चक्र चालू राहतं, बघणाऱ्याला स्क्रीनवर दिसतं, न बघणाऱ्यानं मोजत बसायचं. अण्णा पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावतात ते असं: ट्यूनिंगचा नॉब डावीकडे अडेपर्यंत फिरवायचा, मग उजवीकडे हळूहळू, ओळखीचा आवाज येईपर्यंत. एफएमच्या बाजूला मी एम-सीलचा ठिपका लावलाय, बधिर बोटालाही लागतो. खरखर आली की रेडिओच थोडा वळवतात, मीडियम वेव्हची ॲन्टेना आतल्या फेराइटच्या दांडीवर असते त्यामुळे दिशा बदलली की फरक पडतो. एलईडी बल्ब आणि मोबाईलचा चार्जर मात्र लांब ठेवा, निम्मी खरखर त्यांचीच असते.

डेझीबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी. साध्या एमपीथ्रीमध्ये पुढे-मागे एवढंच असतं, डेझी पुस्तकात प्रकरण, उपप्रकरण, पान असं उडी मारत जाता येतं. व्हिक्टर रीडर स्ट्रीमसारख्या प्लेयरला जुन्या फोनसारखी बटणं असतात, २ आणि ८ नं पातळी बदलायची, ४ आणि ६ नं मागे-पुढे, दाबलं की बोलतो, आणि कुठे थांबलो ते लक्षात ठेवतो. अभ्यास करणाऱ्या मुलाला मी डोळे झाकून (कसला शब्द निघाला बघा) डेझीच घ्या म्हणेन. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय (न बघणाऱ्यांसाठीची ऑनलाइन लायब्ररी) आहे, त्याची मेंबरशिप घ्या. अण्णांना अभ्यास करायचा नाही, कीर्तन ऐकायचंय, आणि त्या प्लेयरची किंमत ऐकून ते म्हणाले तेवढ्यात म्हैस येते.

पेनड्राइव्हच्या डब्यात मात्र एक गोम आहे आणि ती मी लेखात लिहायला हवी होती. स्वस्तातले बरेच डबे फाइली नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवतात. मी कीर्तनाचे भाग एकगठ्ठा टाकले आणि अण्णांना आख्यान आधी, पूर्वरंग नंतर. आता पेनड्राइव्ह फॉरमॅट करून, फाइलींना ००१, ००२ अशी नावं देऊन एकेक करून टाकतो. शिवाय घ्यायच्या आधी दुकानातच मधेच बंद करून परत चालू करा, तिथूनच सुरू झाला तर घ्या, पहिल्यापासून लागला तर परत ठेवा. दोन तासांचं कीर्तन रोज गणपतीच्या नमनापासून कोण ऐकणार?

डेझीचा भाग आज रात्री लेखात वाढवतो. तुमच्या मित्राला एक विचाराल का, बोटं बधिर असलेल्यांनी त्या दोन टॅपचं काय करायचं? उत्तर आलं तर तेही त्याच्या नावानं टाकतो.