क्रॅश झाकला म्हणजे बग गेला नाही

आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहून राहिलो. कोड लिहिणारे मित्र वाचतीलच, पण जे लिहीत नाहीत त्यांनीही वाचा, कारण शेवटी मार तुम्हालाच बसतो.

ज्या छोट्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या, प्रोजेक्टमध्ये मी सवड मिळेल तसं काम करतो, तिथे आज एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल घ्या अशी विनंती, आली. शीर्षक 'फिक्स क्रॅश', म्हणजे प्रोग्रॅम मध्येच बंद पडणं दुरुस्त केलं. फाइल इम्पोर्ट करताना प्रोग्रॅम पडतो अशी कुणाची तरी तक्रार (इश्यू) होती, त्यावरचा हा उपाय. उघडून पाहिलं तर पूर्ण फंक्शन ट्रायमध्ये घातलेलं, खाली एक्सेप्ट आणि त्याखाली पास, म्हणजे चूक आली तरी काही करू नको. संपलं. फाइल अर्धवट असो, फुटकी असो, डिस्क भरलेली असो, प्रोग्रॅम चकार शब्द न काढता पुढे जाणार आणि 'इम्पोर्ट पूर्ण' म्हणून सांगणार. पाठवणारा पोरगा इथलाच, नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातला. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो काही मिनिटांत त्याखाली अंगठा टाकून 'मस्त, मर्ज करू' लिहिणाऱ्या, प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या आमच्या जुन्या मेंटेनरवर, ज्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी मर्ज, म्हणजे तो बदल मूळ कोडात मिसळणं, अडवलं. मेंटेनरचं उत्तर आलं, "युजरला आता क्रॅश दिसत नाही ना? मग इश्यू बंद."

हे वाचलं आणि मला मस्कासाथचं दुकान आठवलं.

माझ्या शाळेपासूनच्या मित्राच्या वडिलांचं नागपूरच्या इतवारीत, मस्कासाथला मिरची-मसाल्याचं ठोक दुकान आहे. काकाजींनी वह्या सोडाव्यात म्हणून आम्हाला फार मनधरणी करावी लागली होती. मित्रानं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवून दिलं, स्टॉक आणि उधारीचं. दिवाळीच्या आधीचा सीझन होता. उमरेड, कुही, मौद्याचे चिल्लर दुकानदार माल उचलत होते, मुनीमजी उधारी टाइप करत होते. प्रत्येक नोंदीनंतर कोपऱ्यात हिरवी पट्टी यायची, 'जतन झाले'. यादीतही नोंद दिसायची. प्रत्यक्षात डिस्क भरली होती आणि एकही नोंद आत उतरत नव्हती. जे दिसत होतं ते फक्त मेमरीत होतं. संध्याकाळी लाइन गेली, परत आल्यावर मशीन चालू केलं, आणि दिवसभराचा धंदा गायब. कुणी किती नेलं, कुणाकडे किती राहिले, काही नाही.

मी नंतर बसून तो कोड काढला. डिस्कवर लिहिताना आलेली चूक पकडून तिथेच गिळून टाकलेली होती आणि हिरव्या पट्टीची ओळ त्या ब्लॉकच्या बाहेर होती. म्हणजे काहीही झालं तरी ती दिसणारच. सॉफ्टवेअरचं नाव विचारू नका, लिहिणार नाही. पण ज्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, ते आलं, त्यावर मजकूर काय होता माहीत आहे? 'सेव्ह करतानाचा क्रॅश दुरुस्त केला.'

तो प्रोग्रॅम पहिल्याच नोंदीला पडला असता तर मुनीमजींनी दोन शिव्या घातल्या असत्या, मित्राला फोन केला असता आणि जुनी वही उघडून काम पुढे नेलं असतं. क्रॅशनं काकाजींचं काहीच बिघडलं नसतं. बिघडवलं ते क्रॅश न होण्यानं.

जरा तांत्रिक बोलतो, पण गोष्ट तीच आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस जगभर चालतो, ओपन सोर्स आहे, त्यावर काम करणारी माणसं या विषयातली फार वरची. डेटा खरंच डिस्कवर उतरला का, हे विचारायला प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एफसिंक करायला सांगतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या ध्यानात आलं की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहिताना चूक झाली तर एफसिंक ती एकदाच सांगतं. पोस्टग्रेस म्हणायचं, ठीक आहे, पुन्हा करून पाहू. दुसऱ्या वेळी एफसिंक 'सगळं बरोबर' म्हणायचं, कारण न उतरलेली पानं कर्नलनं तोवर उतरली असं धरून टाकलेली असायची. डेटा गेलेला, आणि डेटाबेसला वाटतंय की सुखरूप आहे. मस्कासाथची हिरवी पट्टीच ही.

मग त्यांनी काय केलं? फेब्रुवारी २०१९ मध्ये ११.२ आवृत्ती काढली, त्यात एफसिंक फसलं की पुन्हा प्रयत्न नाही, थेट पॅनिक. सर्व्हर स्वतःहून पडतो. उठताना आधी लिहून ठेवलेल्या लॉगमधून सगळं परत उभं करतो. अनेक वर्षांच्या विश्वासाचा डेटाबेस, आणि त्यांनी ठरवलं की इथे पडणंच बरोबर. क्रॅश त्यांनी मुद्दाम घातला! आणि इकडे आपण 'फिक्स क्रॅश' म्हणून तोंड दाबून राहिलो.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचंही पाहा, तुमच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते आहे. त्यांच्याकडे मूळ कोडच्या ५९० पट टेस्टचा कोड आहे, त्यांनीच तसं जाहीर लिहिलंय. मेमरी संपली तर काय, डिस्कनं लिहायला नकार दिला तर काय, लिहिता लिहिता वीज गेली तर काय, हे सगळं खोटं खोटं घडवून तपासतात. नेमकं जे काकाजींच्या दुकानात एका संध्याकाळी खरं घडलं. तपासणारी माणसं तिकडेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, म्हणून 'आमची टीम लहान आहे' हे मला ऐकवू नका.

बरं, मान्य, सगळंच पाडत सुटायचं नसतं. ब्राउझरचा एक टॅब मेला म्हणून सगळा ब्राउझर मरू नये, आणि लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्सही कर्नलमध्ये उगाच बग_ऑन, म्हणजे चूक दिसली की काम थांबवणारी ओळ, टाकून अख्खं मशीन थांबवणाऱ्यांवर चिडतो, वॉर्निंग द्या म्हणतो. पण वॉर्निंग द्या म्हणतो तो. गप्प बसा म्हणत नाही.

आणि वॉर्निंग गप्प केल्यावर काय होतं ते डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकारानं दाखवलंय. २००६ मध्ये ओपनएसएसएल या, नेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या कोडवर व्हॅलग्रिंड हे मेमरीतल्या चुका शोधणारं साधन तक्रार करत होतं, की ज्या मेमरीत काही भरलेलंच नाही ती वापरली जातेय. तक्रार थांबवायला डेबियनमध्ये दोन ओळी कमेंट करून, म्हणजे बंद करून टाकल्या. करणाऱ्यानं ओपनएसएसएलवाल्यांना विचारलंही होतं, मन स्वच्छ होतं त्याचं. पण त्यातल्या एका ओळीतून कुलूपबंद करायची किल्ली कुणाला ओळखता येऊ नये म्हणून लागणारा सगळा रँडमपणा आत यायचा. ती गेली आणि उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मिळणारा क्रमांक. एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीसाठी ३२,७६८ शक्यता, बस. मे २००८ पर्यंत कुणाला पत्ता नाही. प्रोग्रॅम मस्त चालत होते, काही पडत नव्हतं. दोन वर्षं जगभरचे सर्व्हर असल्या किल्ल्यांवर उभे होते. घरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण निदान त्यांना माहीत असतं की आपण तार घातली आहे.

आता पोराबद्दल. सकाळी लिहायला घेतलं तेव्हा त्यालाही दोन शब्द सुनवणार होतो. पण त्याला शिकवलंय कुणी? मीही इथल्याच कॉलेजात शिकलो. लॅबमध्ये एक्सटर्नल यायचे, स्क्रीनवर आउटपुट आला का पाहायचे आणि पुढच्या मशीनकडे वळायचे. चुकीचं इनपुट दिलं तर काय होतं, हे कधी कुणी विचारलंच नाही. जीडीबी हे चूक शोधायचं साधन उघडून बॅकट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कुठून कुठे जाऊन पडला ती यादी, वाचायला, कोअर डंपमधून, म्हणजे पडतानाच्या मेमरीच्या प्रतीतून, मागचा माग काढायला कुणी सांगितलं नाही. प्रोग्रॅम पडला तर मार्क कापले जायचे, खोटं बोलला तर नाही. मग जिथे हा कोड ठेवतात त्या गिटहबवर काम केल्याचे हिरवे चौकोन पाहिजेत, रिझ्युमेवर ओपन सोर्स पाहिजे, प्लेसमेंट डोक्यावर. ओपन सोर्सला पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट, अशी ऑक्टोबरमधली मोहीम म्हणजे हॅक्टोबरफेस्ट, त्यात टी-शर्टपायी इतक्या निरर्थक पुल रिक्वेस्ट आल्या की २०२० मध्ये त्यांना नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टला पाहिजे त्यानं स्वतः नाव द्यायचं असा. पोरं वाईट नाहीत. त्यांना वाटतं हेच काम असतं. म्हणून त्याला मी नीट, रागावल्याशिवाय लिहिलं: कुठली फाइल दिल्यावर पडतं ते शोध, ती फाइल टेस्टमध्ये घाल, नेमकी तेवढीच चूक पकड आणि युजरला सांग की बाबा ही फाइल वाचता आली नाही. मूळ कारण सापडलं नाही तर तसं लिही आणि इश्यू उघडा ठेव. उघडा इश्यू म्हणजे नापास होणं नाही. त्याचं लगेच उत्तर आलं, "सर, टेस्ट कशी लिहायची ते दाखवाल का?" एवढं विचारणारा पोरगा मला पुरे आहे. रविवारी बसतो त्याच्यासोबत.

पण मेंटेनरला सोडणार नाही. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना इम्पोर्ट धिस लिहिल्यावर ज्या ओळी येतात, त्यात चुका मुकाट्यानं जाऊ देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि हा माणूस नवख्यांना त्याच ओळी दाखवतो. हो, पुढच्याच ओळीत, मुद्दाम गप्प केल्या तर वेगळं, असंही आहे. मुद्दाम म्हणजे विचार करून, कुठली चूक ते नाव घेऊन. उघडाबोडका एक्सेप्ट टाकून नाही.

तो थकलाय, हे मला माहीत आहे. फुकट काम करतो, रात्री करतो, घरचं सांभाळून करतो. हल्ली तर एआयनं लिहिलेले खोटे बग रिपोर्ट निस्तरण्यातच मेंटेनरांचा जीव जातो, कर्ल हा ओपन सोर्स प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गनं तर हे जाहीरपणे कितीदा मांडलंय. आणि ज्या कंपन्या या कोडवर उभ्या आहेत त्या काय देतात? २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची सुरक्षेची चूक बाहेर आली तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्या ओपनएसएसएलवर टेकलंय, त्याला देणग्यांतून वर्षाला दोनेक हजार डॉलर मिळायचे. आणि हार्टब्लीडमध्येही प्रोग्रॅम पडत नव्हता बरं का. मागितली त्याला एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी शांतपणे उचलून देत होता, त्यात पासवर्ड असोत की किल्ल्या. दोन वर्षं!

म्हणून थकलास तर 'मला वेळ नाही' लिही. इश्यू सहा महिने पडून राहू दे. कुणी काही म्हणणार नाही, म्हणालाच तर मी त्याच्याशी भांडीन. पण तपासलं नसताना 'तपासलं' म्हणून अंगठा टाकू नकोस. त्या अंगठ्यावर कुठेतरी कुणीतरी मुनीमजी विश्वास ठेवून टाइप करत बसलेत.

२०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्याच माणसाला दूरच्या मशीनवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. व्हॅलग्रिंडच्या काही विचित्र तक्रारीही त्यानं आधी पाहिल्या होत्या. दुसरा कुणी 'चालतंय ना' म्हणाला असता. तो खोदत गेला आणि एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममधला, कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून, मेंटेनर बनून घुसवलेला चोरदरवाजा सापडला. ५.६.१ आवृत्तीत तर त्या व्हॅलग्रिंडच्या तक्रारी बंद पाडायचाच प्रयत्न होता. चोरालाही ठाऊक होतं की पहिलं काम वॉर्निंग गप्प करणं.

काकाजींनी पुढे काय केलं, ते काही जण विचारतीलच. त्या रात्री ते चिडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "अरे बेटा, ते तर जतन झालं म्हणून दाखवून राहिलं होतं नं." नंतर एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून, त्यांच्या चिठ्ठ्या मागवून हिशेब जुळवला. उमरेड, कुहीच्या बऱ्याच जणांनी प्रामाणिकपणे सांगितलं, काहींनी नाही. दुकानात आता वही परत आली आहे, मशीन फक्त जीएसटीसाठी. मी त्यांना पुन्हा कधी ओपन सोर्सची बाजू मांडून दाखवलेली नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माझा त्या बाजूवर जीव आहे.

कोड न लिहिणाऱ्यांना एक विनंती. फायरफॉक्स, केडीई, लिबरऑफिस काहीही पडलं आणि 'रिपोर्ट पाठवायचा का' विचारलं, तर बंद करू नका, पाठवा. काय करत होतात ते मराठीत लिहिलं तरी चालेल, दोन ओळी लिहा. कोड लिहिणाऱ्यांनी डीबग सिम्बॉल टाकून बॅकट्रेस जोडा, नुसतं 'क्रॅश होतं' लिहू नका. आणि खाली वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, मी रात्री उशिरापर्यंत जागा आहे. फक्त 'फुकटात मिळतंय, मग एवढं काय' हे कुणी लिहू नका. लिहायचंच असेल तर आधी मस्कासाथला जाऊन काकाजींना सांगून या.